वाचता येत नाही, म्हणजे नेमकं काय?

जून २०१९ मध्ये शाळा उघडल्या आणि बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असंही संख्यावाचन दिलं होतं. विधिमंडळात टोले हाणले गेले, मोबाइलवर विनोद फिरले, मराठीचं आता काही खरं नाही असे सूर निघाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागचं कारण सांगितलं, पण त्या गलक्यात ते फार थोड्यांच्या कानावर पडलं.

कारण अगदी साधं होतं. सत्तावीस म्हणताना आधी सात उच्चारला जातो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि नंतर ७. एकोणनव्वद म्हणताना कानावर नव्वद पडतं आणि लिहायचा असतो ८. त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांतली जोडाक्षरं आणखी वेगळी. कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारं मूल 'वीस-सात' याच क्रमानं संख्या म्हणतं, त्याला ही उलटापालट करावी लागत नाही. मराठी मुलाला शंभरापर्यंतची बहुतेक नावं एकेक करून पाठच करावी लागतात. ज्या घरात तिन्हीसांजेला पाढे म्हटले जातात, त्या घरातलं मूल हे सहज पेलतं. ज्या घरात हे शब्द कानावरच पडत नाहीत, किंवा ज्या मुलाला मुळातच क्रम लक्षात ठेवणं जड जातं, ते ७२ आणि २७ यांत गोंधळतं, वहीत लाल फुल्या घेऊन घरी येतं आणि हळूहळू आपल्याला गणित येत नाही, हेच खरं धरून चालतं. नव्या पुस्तकानं जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. शेजारी दुसरी एक वाट ठेवली होती, इतकंच.

मूल अडखळलं की आपण आधी त्याच्या पायांकडे बघतो, उंबरा किती उंच आहे हे क्वचितच बघतो. गणिताच्या बाबतीत हे घडलं. वाचनाच्या बाबतीत तर रोजच घडतं.

'असर' या नावानं ओळखला जाणारा ग्रामीण शिक्षणाचा अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होतो आहे. त्यासाठी स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला देतात. २०२२ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या दर शंभर मुलांपैकी साधारण त्रेचाळीस मुलांनाच तो वाचता आला. हा आकडा दरवेळी वर्तमानपत्रांत येतो, शिक्षक नाहीत, पालकांचं लक्ष नाही, मोबाइलनं वाट लावली, अशी चर्चा होते आणि विषय मागे पडतो. पण न वाचणारी ही मुलं एकसारखी नसतात. तिसरीच्या एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या चार मुलांना वाचता येत नसेल, तर चौघांची कारणं चार असू शकतात. उपाय मात्र बहुतेक शाळांत एकच असतो: आणखी लिहा. शुद्धलेखनाचं एक पान, चुकलेला शब्द दहा वेळा, मधल्या सुट्टीत बसून फळ्यावरचं उतरवून घेणं. चौघांपैकी एखाद्याला त्याचा उपयोग होतो, उरलेल्या तिघांच्या मनात वहीबद्दलची भीती तेवढी पक्की होते.

पहिलं कारण सगळ्यात सोपं आणि म्हणूनच निसटणारं. मुलाला फळा नीट दिसत नाही, किंवा वर्षानुवर्षं कान वाहतो आहे आणि बाईंचं अर्धंच ऐकू येतं. स आणि श, त आणि थ, ब आणि भ यांतला फरक ज्याला ऐकूच येत नाही, त्याला तो लिहिता कसा येणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळेत तपासणीची सोय आहे. चष्मा लागलेलं मूल चष्मा घालतं आहे ना, हे बघणं मात्र वर्गशिक्षकांचं आणि घरच्यांचं काम. याहून अधिक इथे सांगण्यासारखं नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते बरंच खोल जातं.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरकू बोलली जाते. कोरकूचं मराठीशी काहीच नातं नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडातल्या संथाली-मुंडारीच्या गोतावळ्यातली भाषा आहे. गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया द्रविड कुळातल्या. कोरकू घरातलं सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला अक्षरं तर शिकायची असतातच, पण ती अक्षरं ज्या भाषेत शिकायची ती भाषाही शिकायची असते, आणि पुस्तक गृहीत धरतं की ती भाषा त्याला आधीच येते. 'अ' अननसाचा, हे पुण्यातल्या मुलाला आठवण ठेवण्याची खूण वाटते. इथे ना अननस ओळखीचा, ना त्याचं नाव. हे मूल वर्गात गप्प बसतं, आणि गप्प बसणाऱ्या मुलाला मंद ठरवायला फार वेळ लागत नाही. घरी तेच मूल जंगलातल्या झाडांची नावं धडाधड सांगत असतं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला आणि मोठ्या विरोधानंतर जूनअखेर तो मागे घेतला. तेव्हा सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं किती, यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मेळघाटातल्या किंवा भामरागडातल्या मुलाच्या दृष्टीनं मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी आणि हिंदी आली असती तर चौथी. त्या चर्चेत या मुलांची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

ही अडचण ओळखून तिच्यावर काम करण्याचा वारसा मात्र महाराष्ट्राकडे जुना आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ तिथे आल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम शेजारच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. बालवाडी काढली, पण मुलं येईनात. मग बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात गेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून दगड, बिया, पानं, शिंपले हेच मोजायचं आणि लावायचं साहित्य झालं. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शाळा त्यांच्या मागोमाग कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा पडलं. मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे कडेवरच्या भावाला पाळणाघरात ठेवून बहीण वर्गात बसेल.

यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या विशिष्ट अडचणीला दिलेलं उत्तर होती. मुलं का येत नाहीत, हे आधी जाऊन पाहिलं आणि नंतर योजना केली. आज योजना आधी येते, मुलांची पाहणी नंतर, आणि बऱ्याचदा ती होतच नाही.

भाषेची अडचण फक्त आदिवासी पाड्यांवरच असते असं नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच. डी. केली ती फलटणच्या मराठीवर: एकाच गावात वेगवेगळ्या थरांतले लोक कसे वेगवेगळं बोलतात, हा तिचा विषय. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या, फलटणलाच राहिल्या आणि त्यांच्या पुढाकारानं प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. संस्थेच्या शाळेला नाव आहे ते कमला निंबकर यांचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या त्या याच. फलटणमधल्या अनेक मुलांच्या घरी 'पानी' असतं, 'व्हतं' असतं, 'न्हाई' असतं. पुस्तकात 'पाणी' आहे. मूल ते अक्षर ओळखून, अर्थ समजून 'पानी' म्हणतं, म्हणजे त्यानं बरोबर वाचलेलं असतं. तिथेच बाई थांबवतात, 'ण म्हण, ण', आणि मुलाला वाटतं आपण चुकलो. मुलाच्या बोलीला मज्जाव करायचा नाही, तिच्यावरून प्रमाण मराठीकडे न्यायचं, ही फलटणच्या शाळेची भूमिका आहे.

या शाळेची वाचन शिकवण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द. वाक्य वाचायला मिळेपर्यंत वर्ष सरतं. त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं आणि लगेच अर्थाचे शब्द वाचायचे. समजा फक्त क, म, र आणि काना एवढंच शिकवलं. तेवढ्यावर मूल काका, मामा, काम, राम, करा वाचतं. 'काका काम करा' असं अख्खं वाक्य वाचतं, आणि घरी जाऊन काकाला वाचून दाखवतं. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला वाचणं म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

तिसरं कारण कॅलेंडरमध्ये दडलेलं आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक 'कोयता' धरला जातो, आणि कारखान्याच्या परिसरात किंवा शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. परत यायचं ते पाडव्याच्या आगेमागे. पहिलीतलं मूल जूनमध्ये शाळेत बसतं, दिवाळीपर्यंत जेमतेम अक्षरांशी ओळख होते, आणि काना-मात्रा सुरू व्हायच्या वेळी ते गाडीत बसून निघून जातं. परत येतं तेव्हा वर्ग जोडाक्षरांवर पोचलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथीत या मुलाची हजेरी, पट, गणवेश सगळं कागदावर जागेवर असतं, फक्त चार वर्षांतला मधला अर्धा भाग गायब असतो.

यावर दोन तऱ्हेचे उपाय झाले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या: मूल जिथे, तिथे शाळा. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा: आई-वडील जातात, मूल गावात आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळेमार्फत होते. दोन्हींत खोट काढता येते. साखरशाळेत शिकलेलं गावच्या शाळेच्या दप्तरात कुठे नोंदवायचं, हा प्रश्न राहतो. वसतिगृहात सहा महिने आईशिवाय राहणारं सहा वर्षांचं मूल हा त्याहून कठीण प्रश्न. तरीही गाव सोडून गेलेल्या मुलाचं नाव पटावर तसंच ठेवून हात झटकण्यापेक्षा हे दोन्ही उपाय शतपटीनं बरे. शिवाय अशा मुलाला एप्रिलमध्ये अभ्यासात कच्चा म्हणणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. त्याला न शिकवलेलं येत नाही, एवढंच.

चौथ्या मुलाची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची. घरची भाषा मराठी, डोळे-कान ठणठणीत, एकही दिवस गैरहजर नाही, गप्पांत हुशार, गोष्ट ऐकली की बारकाव्यांसकट सांगतो. आणि वाचायला दिलं की घाम फुटतो. १८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशाच एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत लिहिली होती. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. लेखन आणि गणित यांतल्या अशाच अडचणींसह तो अध्ययन अक्षमतेत मोडतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत शाळकरी वयातल्या अशा मुलांचं प्रमाण शंभरात पाच ते पंधरा इतकं धरलं आहे. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोचला, पण त्यातून एक समजही रुजला की हा आजार इंग्रजी शाळांतल्या मुलांचा, b आणि d उलटे काढणाऱ्यांचा.

देवनागरीत ही अडचण वेगळं रूप घेते. 'किल्ला' लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, उच्चारताना नंतर. 'सूर्य' म्हणताना र आधी, य मागाहून. लिहिताना रफार जाऊन बसतो य च्या डोक्यावर. म्हणजे 'शिक्षक' हा एक शब्द वाचण्यासाठी डोळ्यांना पुढे जाऊन मागे यावं लागतं, शिवाय क्ष ची उकल करावी लागते. घ-ध, म-भ, थ-य ही दिसायला जवळची अक्षरं आहेतच. बहुतेक मुलं हे काही वर्षांत पचवतात. कानडीवरच्या सोनाली नाग यांच्या संशोधनातून दिसतं की आपल्याकडच्या अशा लिप्यांमध्ये अक्षरओळख पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही. चौथी-पाचवीपर्यंत ती चालू असते. पण मराठीत जसं लिहितात तसंच जवळपास वाचतात, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल खूप चुकतं असं नाही. ते विलक्षण हळू वाचतं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. चुका मोजणाऱ्या शिक्षकाच्या हे लक्षात येत नाही. वेळ मोजली तर येतं.

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. देशाच्या कायद्याला जाग आली ती बरीच उशिरा. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते, अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. प्रमाणपत्र मिळतं ते वयाच्या आठव्या वर्षापासून, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये काढलेल्या 'डाली' या चाचणीसंचात हिंदी, कानडी, इंग्रजीबरोबर मराठीही आहे.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात तपासणीची केंद्रं मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. मुंबईतल्या नामांकित शाळेला समुपदेशक असतो, तो पालकांना वाट दाखवतो. किनवट किंवा सुरगाण्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाच्या आईला दोन दिवसांची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून तारखेवर तारीख घ्यायला कसं जमावं? म्हणूनच मदत प्रमाणपत्रासाठी अडून राहता कामा नये. सवलतीला कागद लागतो, शिकवण्याला नाही. अक्षर बोटानं धुळीत गिरवत त्याच वेळी मोठ्यानं उच्चारायचं, शब्दाचे तुकडे टाळी वाजवून मोजायचे, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील चिठ्ठी द्यायची, इतिहासाचं उत्तर तोंडी घ्यायचं: यातल्या कशालाच डॉक्टरची सही लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्या धूळपाटीवर अक्षरं शिकल्या, ती या मुलांसाठी आजही उत्तम साधन आहे. आणि हे सगळं पहिल्या तिघांनाही उपयोगी पडतं.

कारणं चार असली तरी एका शिक्षकानं तीस-चाळीस मुलांत हे करायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर मुंबईतच मिळालं. 'प्रथम' संस्थेनं महापालिकेच्या शाळांत बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतली शिकलेली तरुणी मागे राहिलेल्या मुलांचा गट दिवसातले दोन तास बाजूला घेऊन शिकवायची, इयत्तेचं नाही, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढचं. मुंबई आणि बडोद्यात या कार्यक्रमाची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सर्वांत कच्च्या मुलांना त्याचा ठळक फायदा झालेला दिसला. पाहणी करणाऱ्यांत अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांच्या पातळीनुसार करणं ही कल्पना पुढे देशात आणि देशाबाहेर गेली.

तरी बालसखी विशेष शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण घालून दिलं. ग्रामीण भागात हे काम बऱ्याचदा फिरत्या विशेष शिक्षकांवर सोपवलेलं असतं, जे अनेक शाळांमध्ये मिळून एक असतात. ते आपल्या शाळेत शेवटचे कधी आले होते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांना आहे, आणि विचारायची जागाही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी समितीच्या बैठकीत भिंतीची रंगरंगोटी, स्वच्छतागृह आणि झेंडावंदन एवढंच निघतं. जुलैच्या बैठकीत तिसरी-चौथीतल्या कुणाकुणाला वाचता येत नाही, आणि त्या प्रत्येकाचं कारण शाळेच्या मते काय आहे, हे नाववार विचारलं, तर ते मुख्याध्यापकांना सांगावं लागेल. आणि सांगण्यासाठी आधी शोधावं लागेल.